नावाजलेलं कॉलेज

पुनमला इंजिनिअरिंगच्या दोन कॉलेजांत प्रवेश मिळत होता. सरकारी कॉलेजात फी माफ होती. ताथवड्याच्या नावाजलेल्या कॉलेजसाठी मात्र आठ लाखांचं कर्ज काढावं लागणार होतं.

"पप्पा, मी सरकारीतच जाते. डोक्यावर कर्ज नको."

"येडी हायेस का?" तिचे वडील मुरारी म्हणाले. "आधी कॉलेजचं नाव बघतात, मग पोरांना आत घेतात. मी रोज बघतो कंपनीत. हप्त्याचं माझ्यावर सोड."

पुनमनं त्याच संध्याकाळी मोबाइलवर ताथवड्याची जागा पक्की केली. मुरारीचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या तळवड्याच्या वर्कशॉपमध्ये, जिथं तो पत्रा कापायची प्रेस चालवायचा, त्यानं सगळ्यांना पेढे वाटले. मग सुपरवायझर गोरक्षभाऊंजवळ जाऊन तो हळूच म्हणाला, "भाऊ, माझ्या प्रेसचा सेन्सर बंद करून द्या. जरा हात जवळ गेला की मशीन थांबतंय. बंद असला तर शिफ्टला दोनशे नग जास्त निघतील, वरचे पैसे मिळतील."

गोरक्षभाऊ त्याच्याकडे बघतच राहिले. "अरे, मग हात आत राहिला तरी प्रेस खाली येणार. थांबायची न्हाई."

"ठाऊक हाय. चारच वर्षं काढायचीत."

गोरक्षभाऊ प्रेसच्या मागच्या बाजूला गेले.



उजव्या हाताच्या उरलेल्या तीन बोटांनी त्यांनी सेन्सरची वायर काढली.