स्वयंपाकघरात रेंज आहे

"आवाज तुटतोय तुमचा, बालाजीराव," पुण्याहून शर्मिष्ठा म्हणाली आणि पडद्यावरचा तिचा चेहरा तोंड उघडं ठेवूनच थिजला.

बालाजीरावांनी टॅबलेट उचलला, खिडकीकडे धरला, पुन्हा मांडीवर घेतला. कोपऱ्यात वायफायच्या पाच काड्यांपैकी एकच पेटलेली, तीही मधूनच विझत होती. त्यांची लेक हरिणी हिनं शोळिंगनल्लूरच्या ऑफिसातून हा टॅबलेट खास आजच्या दिवसापुरता मागून आणला होता. दोन हजार आठ सालची गोष्ट. चेन्नईतल्या पेरुंगुडीच्या त्यांच्या इमारतीत असली पाटी दुसऱ्या कोणी पाहिलीही नव्हती.

शर्मिष्ठाची पुण्यातली संस्था तंजावरकडच्या मराठी घरांचे आवाज मुद्रित करून ठेवायला सुरुवात करत होती आणि चेन्नईतून त्यांनी बालाजीरावांना निवडलं होतं. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला याहून मोठा मान कुठला? ते इस्त्रीचा सदरा घालून दिवाणखान्यात बसले होते. मागे मराठी पुस्तकांनी भरलेलं लोखंडी कपाट दिसेल, अशी खुर्ची त्यांनी स्वतः मांडली होती. हातात दोन पानी भाषण होतं. त्यात एक शब्द वावगा नव्हता.

हे मराठी त्यांनी घाम गाळून कमावलं होतं. चोविसाव्या वर्षी बँकेच्या प्रशिक्षणाला ते पुण्याला गेले, तेव्हा खानावळीत घरच्या बोलीत म्हणाले होते, "मज पाणी पाहिजे." अख्खी पंगत हसली. दुसऱ्याच दिवशी त्यांनी व्याकरणाचं पुस्तक विकत घेतलं. पुढे लग्न झालं आणि बायको धनलक्ष्मी हिचंही बोलणं ते सुधारू लागले. चाळीस वर्षं सुधारत राहिले. ती सुधारली नाही, फक्त त्यांच्यासमोर कमी बोलू लागली. हरिणी तर बापाशी तमिळमध्येच बोलायची. घरातलं मराठी आपल्याबरोबर संपणार, हे त्यांनी मनाशी धरूनच ठेवलं होतं.

आज सकाळीच त्यांनी धनलक्ष्मीला बजावलं होतं, "माझं चालू असताना आतून आवाज नको. तुझं बोलणं त्यांच्या कानावर जायला नको."

शर्मिष्ठाचा चेहरा हलला, पुन्हा थिजला. "आज... जमत नसेल तर... दुसरं घर..." एवढंच ऐकू आलं.

हरिणीनं खोलीभर एक नजर फिरवली आणि तमिळमध्ये म्हणाली, "अप्पा, मोडेम स्वयंपाकघराच्या भिंतीवर आहे आणि मध्ये हे लोखंडी कपाट. लहरी पोचणार कशा?"

"मग कपाट सरकवू."

"एवढ्या पुस्तकांसकट? चार माणसं लागतील. तुम्हीच सरका."

तिनं टॅबलेट उचलला आणि चालू लागली. जेवणाच्या टेबलापाशी दोन काड्या. फ्रीजपाशी तीन. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पाचही. शर्मिष्ठाचा आवाज खणखणीत आला, "हां, आता छान ऐकू येतंय!" हरिणीनं आत स्टुलावर टॅबलेट ठेवला. बालाजीराव घाईघाईनं मागून आले. त्यांनी घसा खाकरला आणि पान उघडलं.

इतक्यात गॅसवरचं दूध वर आलं. धनलक्ष्मीचे हात पिठात होते. तिच्यानं राहवलं नाही. "गे हरिणी, तें यंत्र चुलीपासून दूर ठेव गे! दूध उतूं लागलें. त्यांस क्षणभर थांबा म्हणून सांग."

हरिणीनं गॅस बंद केला. बालाजीराव शरमेनं अर्धे झाले. "माफ करा," ते पडद्याकडे वळून म्हणाले. "आमच्या सौभाग्यवती. त्यांचं मराठी जरा अशुद्ध आहे. मी सुरुवात करतो."

"नको, थांबा!" शर्मिष्ठा खुर्चीतून अर्धी उठली होती. "बालाजीराव, राग मानू नका. तुमच्यासारखं मराठी इथे पुण्यात आहे. यांचं आम्ही फक्त जुन्या पत्रांत वाचलंय, कोणाच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. त्यांना बोलू द्याल?"

दोन पानं हातातच राहिली. क्षणभर त्यांना वाटलं, तो टॅबलेट बंद करून टाकावा. हरिणी त्यांच्याकडेच पाहत होती. त्यांनी पानांची घडी घातली, खिशात ठेवली आणि स्टूल बायकोच्या पुढ्यात सरकवलं.

"मी?" धनलक्ष्मी मागे सरली. "नको. चुकेल."

"चुकू दे. मी काही म्हणणार नाही."

ती पदराला हात पुसत समोर बसली. आधी अडखळली. मग कुंभकोणमची आत्या सईबाई, तिच्या हातचं पिठलं, कावेरीच्या पुरात वाहून गेलेलं पितळी घंगाळ, असं एकेक सांगत सुटली. एका शब्दावर अडली, तर मागून हरिणीनं तो पुरवला. पुढच्या वाक्यावर दोघी एकदमच हसल्या.

"तुम्हीही बोलता?" शर्मिष्ठानं हरिणीला विचारलं.

"बोलतें की. अम्मासंगे रोज बोलतें," हरिणी म्हणाली. मग हळूच, "अप्पांसमोर भय वाटतें. चुका काढतात म्हणून."

बालाजीराव लेकीकडे पाहत राहिले. सत्तावीस वर्षांची लेक. तिच्या तोंडून मराठीचं एक अख्खं वाक्य ते पहिल्यांदा ऐकत होते, आणि ते त्यांच्या आईनं बोलावं तसं होतं. घरातलं मराठी संपलं नव्हतं. ते त्यांच्यापासून दडून राहिलं होतं.

"बालाजीराव, नोंदीसाठी या दोघींची ओळख सांगाल?" शर्मिष्ठा म्हणाली.

ते दोघींच्या मधे येऊन उभे राहिले. आई गेल्यापासून त्यांच्या ओठांवर न आलेली बोली आपसूक आली.

"लिहून घ्या. ही माझी बायको, ही माझी लेक. ह्यांपाशीं मी मराठी शिकूं लागलों आहें."