छतावरून आलेला उजेड

क्लबच्या अंधारात ऋजुताचे सगळे फोटो बिघडत होते. फ्लॅश समोरून पडला की चेहरे पांढरेफटक आणि मागे नुसता काळोख. फोटोग्राफर म्हणून हे तिचं पहिलंच काम. शेवटी तिने फ्लॅश छताकडे वळवला.

तेवढ्यात गलका झाला. अपघातानंतर वर्षभर घराबाहेर न पडलेल्या निनादला मित्रांनी व्हीलचेअरसकट डोक्यावर उचललं होतं.

"अरे, पडेन मी!" तो ओरडला.

ऋजुताने बटण दाबलं. छतावरून परतलेला उजेड सगळ्यांवर अलगद पसरला.

कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर निनाद दोन्ही हात उंचावून खळखळून हसत होता. शेजारी उभ्या त्याच्या बहिणीने वाकून पाहिलं आणि ऋजुताचं मनगट घट्ट धरलं.

"दादा हसतोय," ती पुटपुटली. "दादा हसतोय!"

पुढचा फोटो काढायचं ऋजुताला सुचलंच नाही.