टिपणीसांची मान

शिळफाट्याजवळच्या कारखान्यात लाकडाच्या नक्षीचा कागद गुळगुळीत पोलादी पत्र्याखाली दाबून जमिनीवर बसवायच्या फळ्या बनत. कडा तासून उतरत्या केलेल्या, वर आरशासारखी चकाकी. पत्र्यावर ओरखडा पडला की तो प्रत्येक फळीवर उमटे.

असा एक ओरखडा पडला, तेव्हा सुपरवायझर टिपणीसांनी पत्रे पुसणाऱ्या ठकीच्या बांगडीला दोष देऊन तिला घरी पाठवलं. ओरखडा त्यांच्याच अंगठीचा होता. पण अंगठी सासऱ्यांनी दिलेली, ती बोटातून कशी काढणार?

आज मालकांनी दोघांना समोरासमोर बोलावलं होतं. जाण्याआधी टिपणीसांनी नव्या पत्र्याखालून निघालेल्या चकचकीत फळीत केसांचा भांग पाहिला. फळीतले टिपणीस मान खाली घालून उभे होते. त्यांनी शेजारी फळ्या रचणाऱ्या नामाला बोलावलं.

"नामा, यात काय दिसतंय रे?"

"तुमीच की, सायेब."

"आणि मान?"

"खाली हाय. तुमची हाय तशीच."

टिपणीसांनी मान चाचपली. ती ताठ होती.

"आता तरी वर बघा, सायेब," नामा हळूच म्हणाला. "ठकी कवाची समोर उभी हाय."

टिपणीस समोरच बघत होते. तिथं कुणीच नव्हतं, फक्त त्यांचेच बूट दिसत होते.