डाव्या अंगठ्याचा चौकोन

तुरुंगाच्या जुन्या कार्डावर दहा चौकोन होते. नऊ चौकोनांत शाईचे ठसे होते. दहावा, डाव्या अंगठ्याचा, कोरा होता. त्यात पेन्सिलीनं 'चिंधी बांधलेली' एवढंच लिहिलेलं.

वर्नेल टिसडेलनं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. ठसे लूशसचे होते, तिच्या थोरल्या भावाचे. चौसष्ट वर्षांपूर्वी, काळ्या माणसांना या वाचनालयाचं दार बंद असताना, तो पाच मित्रांबरोबर आत शिरून पुस्तक उघडून बसला होता. उद्या इथंच त्या सहा जणांचं प्रदर्शन उघडणार होतं. पलीकडे चर्चची मंडळी गाण्याचा सराव करत होती.

"पोरी, हे पांढरे हातमोजे घालून केक वाढणार आहेस की काय?"

"केक उद्या, मिस वर्नेल," ग्रंथपाल किओना हसली. "आज एवढं वाचा आणि सही करा."

कार्डाखाली लावायचा मजकूर होता: 'अटक करताना पोलिसांनी लूशस टिसडेलचा अंगठा ठेचला. बाराव्या दिवशी धनुर्वातानं तो कोठडीत मरण पावला.'

वर्नेलनं पेन उचललं आणि परत ठेवलं.

"पोलिसांनी नाही."

"मग?"

"मी. सहा वर्षांची होते. मलाही ने म्हणून हटून बसले. म्हणाला, 'तू आधी वाचायला तर शीक, ढमे!' मी रागानं घराचं दार आपटलं. बिजागरीपाशी त्याचा हात होता." तिनं मजकुराचा कागद दूर सरकवला. "आईनं चिंधी बांधली. हसतच गेला तो. आईनं मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही. मीही नाही."

पलीकडे कुणाचा तरी सूर चुकला, हशा झाला, गाणं पहिल्यापासून सुरू झालं.

"ते दार लिही," वर्नेल म्हणाली. "नाहीतर मी सही करत नाही."

"लिहिते."

किओनानं कार्ड अलगद उलटलं. मागे चार तारखा होत्या. प्रत्येकीपुढे तेच शब्द: 'हात सुजलाय म्हणतो. डॉक्टर मागतो. नाकारलं.'

वर्नेलनं चारही ओळी ओठ हलवत वाचल्या. मग पहिली पुन्हा वाचली.

"तेव्हा डॉक्टर होता कुठं जवळपास? आपल्या माणसांना हात लावणारा?"

"एक होते."

"किती लांब?"

किओनानं त्या वर्षीचा गावाचा नकाशा टेबलावर पसरला. एका इंचाला दोनशे फूट. तुरुंगाच्या दारावर तिनं पट्टीचं टोक ठेवलं, दवाखान्याच्या दारापर्यंत मोजलं. पट्टी उचलून पुन्हा मोजलं.

"मोठ्यानं सांग. मला ते बारीक आकडे दिसत नाहीत."

"सव्वा इंच," किओना म्हणाली. "अडीचशे फूट."