रेघेवरचे ठिपके

आलेखावरचा पंचावन्नावा ठिपकाही नेमका रेघेवर पडला आणि इंजिनिअरीणबाई धास्तावली.

खरं तर तिला आनंद व्हायला हवा होता. चिखलट जमिनीत उभ्या पट्ट्या खोचायच्या, वर भरावाचं ओझं टाकायचं, पट्ट्यांतून पाणी निघून गेलं की जमीन बसते. किती दिवसांत किती बसेल, हे आधीच रेघ काढून सांगायचं. तिचं स्वतःचं असं हे पहिलंच काम. अंदाज खरा ठरला की नोकरी पक्की. उद्या भराव हलणार होता आणि तिथे दवाखाना बांधायला घेणार होते.

पण आज सकाळीच तिला आपल्या गणितातली घोडचूक सापडली होती. पट्ट्या खोचताना भोवतालची माती चोळली जाते, मग पाणी रडतखडत झिरपतं. नेमकं तेच धरायला ती विसरली होती. म्हणजे जमीन तिच्या रेघेच्या मागे पडायला हवी. आणि ही बया तर पहिला आठवडा सोडून रोज तिची चूक बिनबोभाट पाळत होती!

रोजची मोजणी मामा करायचे. साइटवरच्या सगळ्यांचेच मामा. दोन महिन्यांनी निवृत्त होणारे, डबा उघडला की आधी तिला वाढणारे. तिने त्यांच्यासमोर कागद ठेवला.

"मामा, खरे आकडे कुठे आहेत?"

मामांनी आधी छताकडे बघितलं, मग चपलांकडे. मग खिशातून एक चुरगळलेली डायरी काढली.

"पहिल्या आठवड्यात ठिपका जरा इकडेतिकडे झाला, तर तू दोन दिवस धड जेवली नाहीस, पोरी. तोंड एवढंसं झालं होतं. मला बघवेना गं. म्हटलं, जमीन काय, आज ना उद्या बसेलच."

"अहो मामा, तिथे आजारी माणसं झोपणार आहेत! भिंती तडकल्या असत्या!"

तिला राग आला, चांगलाच आला. आणि त्याच रागात हा म्हातारा इतका आपला वाटला की डोळे भरून आले. डायरीतली जमीन वीतभर मागे होती. भराव अजून चाळीस दिवस तरी ठेवायला हवा होता.

ती तडक साहेबांकडे गेली. मामा मागोमाग आले आणि पांढरेफटक पडून दाराशीच थबकले.

"साहेब, उद्या भराव हलवू नका. माझा अंदाज चुकलाय. जमीन अजून बसायची आहे. हे खरे आकडे."

साहेबांनी डायरीची पानं उलटली. भिंतीवरच्या आलेखाकडे बघितलं. कपाळावर आठी पडली.

"मग हे ठिपके रोज रेघेवर कसे? मोजणी कोण करतं इथे?"

मामांनी बोलायला तोंड उघडलं.

"मोजणी बरोबरच होती, साहेब," ती घाईघाईने म्हणाली, "ठिपके मीच रेघेवर बसवत होते."