खालच्या पट्टीचं गिऱ्हाईक

नोंदणी कचेरीच्या बाकावरून घाईबुवा तिसऱ्यांदा उठला आणि तिसऱ्यांदा बसला. गिऱ्हाईक अजून आलं नव्हतं. दारात पदर दिसला की तो दलालाच्या आड सरकायचा. गिऱ्हाइकाच्या आधी बायको उगवली तर?

शेताची खालची पट्टी विकतोय हे त्यानं घरात सांगितलंच नव्हतं. बायको त्या पट्टीत पालेभाजी काढायची आणि कारखान्याच्या खानावळीला घालायची. खानावळवाले पैसे मोबाइलवर टाकत, म्हणून घाईबुवानं आपला फुटक्या काचेचा जुना फोन मोठ्या मनानं तिला देऊन टाकला होता. भाजीचे पैसे ते किती असणार! त्यानं कधी विचारलेही नाहीत. त्याला हवा होता टेम्पो. मातीत हात घालायचा त्याला कंटाळा आला होता.

सकाळी निघताना तिनं विचारलं, कुठे? खत बघायला, असं तो म्हणाला.

"मग चांगला सदरा घाला," ती म्हणाली. "खतालाही बरं वाटेल."

शेजारी दलाल निवांत जांभया देत होता. गेली दोन वर्षं गिऱ्हाईक पट्टीच्या किमतीचे हप्ते दलालाच्या मोबाइलवर पाठवी आणि दलाल ते घाईबुवाकडे सरकवी. कधी तीनशे चाळीस, कधी पाचशे दहा. घाईबुवा आधी हसला, मग वैतागला, पण खडकाळ पट्टीला दुसरं कोणी विचारीना. प्रत्येक मेसेज मात्र तो लगेच पुसून टाकायचा. बायकोच्या नजरेला पडायला नको.

"असलं चिल्लर गिऱ्हाईक आणलंत कुठून?" त्यानं दबक्या आवाजात विचारलं.

"चिल्लर असेल, पण एक हप्ता चुकला नाही. तुम्ही तुमच्या सह्या उरकून घ्या."

घाईबुवानं कागद न वाचताच भराभर सह्या ठोकल्या, अंगठे उठवले आणि वर पाहिलं. दारात बायको उभी होती.

तो धावत पुढे गेला. भांडण घरी कर, चारचौघांत नको, अशी गयावया करून झाली. मग त्याला जरा धीर आला.

"आता काही उपयोग नाही," तो म्हणाला. "सह्या झाल्यात."

"सगळ्या?"

"सगळ्या."

तिनं सुस्कारा सोडला, त्याला वळसा घातला आणि ती टेबलासमोरच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसली. कारकुनानं मान वर न करताच विचारलं, "घेणारे तुम्हीच ना? विकणाऱ्याशी नातं?"

"सध्या तरी बायको," ती म्हणाली.