शुक्रवारी पाचच्या आत

"घे रे आणखी. निकाल काय तू लिहिलास?" असं म्हणत रुमाल्दाबाईंनी एलॉयच्या ताटात राजम्याचा आणखी एक डाव वाढला आणि वर हिरव्या मिरचीचा रस्सा ओतला. एलॉय चमच्यानं राजमा नुसता इकडून तिकडे सारत होता. खटला हरलेल्या वकिलाला पक्षकार बाई आग्रह करकरून जेवू घालते, याहून कडक शिक्षा कुठल्याही जज्जाला सुचली नसती.

निकाल सकाळीच लागला होता. गावच्या पाटावरची रुमाल्दाबाईंची पाण्याची पाळी गेली होती, तीही कायमची. नवरा सेलेदोन अंथरुणाला खिळला तेव्हा बाईंचं रान काही वर्षं पडीक राहिलं, आणि वरच्या अंगाच्या तोबियासनं ती पाळी आपल्या शेताकडे वळवून घेतली. सेलेदोनला मूठमाती दिल्यावर बाईंनी पदर खोचल्यागत कंबर कसली, पुन्हा मिरची लावली, जर्दाळूच्या झाडांना आळी केली. तेव्हा तोबियास म्हणाला, पाणी कसलं मागताय? ती झाडं आत्ताही खिडकीतून दिसत होती. न्यू मेक्सिकोच्या उन्हात पाण्यावाचून ती फार तर एक उन्हाळा काढतील. वरच्या कोर्टाचा निकाल येईपर्यंत त्यांचं सरपण झालेलं असेल.

निकाल देणारा जज्ज आबेता वाईट माणूस नव्हता. लाच सोडाच, तो कुणाच्या मळ्यातला दोडकासुद्धा घरी नेत नसे. पण पाण्याच्या बाबतीत त्याचं मत म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. वापरलं नाही ते गमावलं. आजारपण असो की मरण, तो ऐकून घ्यायचा नाही. साऱ्या खोऱ्याला हे ठाऊक होतं. कोर्टातल्या दुसऱ्या जज्जबाई तशा नव्हत्या. त्या आधी माणसाची कर्मकहाणी ऐकायच्या. आणि जज्ज बदलून घ्यायची वाट कायद्यानंच ठेवली होती. खटल्यावर कोण जज्ज नेमलाय ते कळलं की दहा दिवसांच्या आत एक कागद द्यायचा. कारण सांगायला नको, पुरावा नको. मुदत टळली की मग मात्र प्रत्यक्ष देव उतरला तरी उपयोग नाही.

हा खटला सुरू झाला तेव्हा ती मुदत एका शुक्रवारी संध्याकाळी पाचला संपत होती.

"दोन्या रुमाल्दा," आदरानं बाईंना हाक मारत एलॉयनं चमचा खाली ठेवला, "हा खटला आबेतापुढं चालायलाच नको होता."

"नको होता, पण चालला. आता उगाळून काय?"

"तसं नाही. मला तो बदलून घेता येत होता. मी घेतला नाही."

आणि मग त्यानं सगळं सांगून टाकलं. त्या शुक्रवारी तो कागद घेऊन कोर्टाच्या खिडकीशी रांगेत उभा होता. त्याची पाळी आली आणि तेवढ्यात मागून खांद्यावर हात पडला.

"काय कोंपाद्रे! आज कुणाला हाकलताय?"

आबेताच होता. एलॉयच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी त्यानंच हातांवर धरलं होतं. तेव्हापासून दोघं एकमेकांचे कोंपाद्रे. हे नातं सख्ख्या भावापेक्षा काकणभर जास्तच. तो कागद कारण विचारत नाही हे खरं, पण गाव विचारतं, आणि कोंपाद्रे तर डोळ्यांत बघून विचारतो. "कुणाला नाही हो, सहज आलो होतो," असं म्हणत एलॉयनं कागद कोटात कोंबला. दोघं समोरच्या हॉटेलात कॉफी प्यायला गेले. आबेतानं पोरीच्या पडलेल्या दाताची चौकशी केली, वर एक किस्साही सांगितला. भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजले तेव्हा एलॉय ते बघत होता, आणि विरघळलेली साखर उगाच ढवळत होता. भीड भिकेची बहीण म्हणतात. इथे भीड त्याची होती आणि भीक बाईंच्या पदरात पडली होती.

"मला त्याच्यासमोर लाज वाटली," एलॉय म्हणाला. "तुमच्या झाडांपेक्षा माझी लाज मोठी झाली. माझ्यावर तक्रार करा. काय वाटेल ते बोला. पण असं वाढू नका हो मला."

रुमाल्दाबाईंनी डाव भांड्यात ठेवला. त्या रागावतील, रडतील, निदान दार तरी दाखवतील, असं त्याला वाटलं. तसं काही झालं असतं तर त्याला बरंच वाटलं असतं. त्या समोरची खुर्ची ओढून बसल्या. टेबलावर न सांडलेलं काहीतरी हातानं पुसत राहिल्या.

"म्हणजे तू तो कागद दिलाच नाहीस? मला वाटलं, देऊनही कोर्टानं मानला नाही."

"नाही."

"खिडकीपर्यंत गेलास, आणि दिला नाहीस."

एलॉयनं ताट बाजूला सारलं.

"मीही आले होते रे त्या दिवशी," त्या हळूच म्हणाल्या. "जज्ज बदलून घे म्हटलं की तू 'बघतो, बघतो' म्हणत होतास आणि दिवस तर सरत चालले होते. शेवटी तो कागद मीच भाचीकडून टाइप करून घेतला, सही केली. कोर्टातली कारकून बाई फोनवर म्हणाली होती, तुम्ही स्वतः आणलात तरी घेऊ. दारातून बघते तर तू रांगेत, हातात तसाच कागद. म्हटलं, आता आपण पुढं झालो तर पोराला वाटेल, म्हातारीचा आपल्यावर विश्वास नाही. म्हणून आल्या पावली परत फिरले."